मुद्दाम मरून बघा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय अडतीस, मुलं झोपल्यावर मिळेल तो तासभर, घरात ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉप. नाव ऐकून गेम विकत घ्यायचा, दोन रात्री नुसतं मरत राहायचं आणि तिसऱ्या रात्री वैतागून मोबाइल उघडायचा, असं चार-पाच वेळा झालं. तर गेम बनवण्याच्या धंद्यातल्या माणसाने अलीकडे काय खेळलं, काय आवडलं, काय अर्धवट टाकलं, आणि ‘आता आपलं वय झालं’ असं समजून नाद सोडावा का?

वयाचं आधी मिटवून टाकते. समोर काही दिसल्यावर बटण दाबायला धडधाकट माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. विशीतल्या पोराला जरा कमी, आपल्याला जरा जास्त. फरक आहे, पण तो सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका. नीट बनवलेल्या गेममध्ये शत्रू फटका मारण्याआधी हात उगारतो आणि तो उगारलेला हात पाव सेकंदाहून बराच जास्त वेळ दिसत राहतो. म्हणजे प्रश्न चपळाईचा नसतोच, बघण्याचा असतो. मी बेचाळीसची आहे. पंचविशीत जे बॉस, म्हणजे वाट अडवून बसलेले मोठे शत्रू, मला जमत नव्हते ते आता जमतात, कारण तेव्हा मी नुसती बटणं बडवायचे.

मी पंधरा वर्षं पुण्यात गेमच्या कामात आहे. पहिली चार वर्षं टेस्टिंग, मग लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधले टप्पे रचणं. टेस्टिंगने एक खोड लावली ती अजून गेली नाही: नवा गेम सुरू केला की पहिल्या दहा मिनिटांत मुद्दाम मरायचं. दिसेल त्या खड्ड्यात उडी टाकायची, पहिल्याच शत्रूसमोर हाताची घडी घालून उभं राहायचं. मग बघायचं, की का मेले ते मला कळलं का, माझ्याकडून काय काढून घेतलं, परत कुठे नेऊन ठेवलं आणि पुन्हा बटण हातात यायला किती वेळ गेला. गेम जिंकल्यावर सगळेच गोड वागतात. कुठला आपल्याला टिकेल ते हरल्यावर कळतं. तेव्हा गेल्या दीडेक वर्षात जे खेळले त्याबद्दल याच बाजूने सांगते. चित्रं किती सुंदर आहेत ते ट्रेलरमध्ये दिसतंच.

हरण्याला गेममध्ये इतकी कठोर किंमत मुळात आली कुठून, हे माझ्या पिढीला आठवत असेल. बसस्टँडजवळचं व्हिडिओ गेम पार्लर, रुपयाचं नाणं, आणि ‘मुस्तफा’. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेला. पण आपल्याकडे त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याच्या नावानेच तो ओळखला गेला. तिथे मेलं की पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची आणि आपण खिसे चाचपायचो. ते मरण कथेसाठी नव्हतंच, पार्लरवाल्याच्या गल्ल्यासाठी होतं. पुढे घरोघरी कॅसेटवाले गेम आले, नाणं गेलं, पण तीन लाइफ आणि ‘संपलं, पहिल्यापासून’ ही सवय राहून गेली. आणि मोबाइलवर तर नाणं चक्क परत आलं: पाच लाइफ संपले की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे टाका. म्हणून म्हणते, ज्या गेममध्ये हरता तिथे आधी हे विचारा, की हे हरणं कोणाच्या फायद्याचं आहे.

अंगणात खेळताना हे सगळे नियम आपल्याला पाठ होते. लहान भावंडाला कच्चा लिंबू करायचं, म्हणजे तो आउट झाला तरी खेळत राहतो. दम लागला की टाइम प्लीज. आणि हरल्यावर नियम बदलणाऱ्याला म्हणायचं, रडीचा डाव. गेम डिझाइनवरची जाडजूड पुस्तकं वाचल्यावरही मला या तीन शब्दांच्या पलीकडे फारसं काही लागत नाही.

सुरुवात सर्वांत गाजलेल्यापासून. हॉलो नाइट: सिल्कसाँग. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूचा हा गेम २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला आणि आला ४ सप्टेंबर २०२५ ला. साडेसहा वर्षं लोक वाट बघत होते; आला त्या दिवशी स्टीमसकट गेम विकणारी बहुतेक ऑनलाइन दुकानं काही वेळ कोलमडली. सुई घेतलेली हॉर्नेट नावाची कीटकयोद्धी, फारलूम नावाचं देवभोळं, कोसळत चाललेलं राज्य, आणि हालचाल अशी देखणी की रिकाम्या खोलीत नुसत्या उड्या मारायला मजा येते. मी पन्नासेक तास खेळले. आवडला. आणि तुम्ही तो आत्ता घेऊ नये असंही माझं मत आहे.

कारण गणितात आहे. सुरुवातीला तुमच्याकडे पाच मुखवटे, म्हणजे पाच लाइफ समजा. यातले खूपसे शत्रू, आणि बॉस तर बहुतेक, एका फटक्यात दोन मुखवटे काढतात. पाचातून दोन गेले तीन, मग एक, तिसऱ्या फटक्याला खलास. आता तुम्ही कोनाकोपऱ्यांत हिंडून मुखवट्याचे चार तुकडे गोळा करता आणि सहावा मुखवटा मिळवता. सहातून दोन गेले चार, मग दोन, तिसऱ्या फटक्याला पुन्हा खलास! कित्येक तासांची मेहनत, आणि दुहेरी फटक्यासमोर तिचा उपयोग शून्य. बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं, पण हातात काही पडत नाही. असं कागदावर कोणी माझ्यासमोर आणलं असतं तर मी लाल पेनाने गोल केला असता. बनवणाऱ्यांचीही बाजू आहे: इथे बरं होण्याची एक क्रिया एकदम तीन मुखवटे भरते, याआधीच्या ‘हॉलो नाइट’मध्ये एकेकच भरायचा, म्हणून फटकाही मोठा. तर्क बरोबर आहे. पण तो तर्क अशा खेळाडूच्या सोयीचा, ज्याला लढता लढता भरून घेण्याची जागा सापडते. रात्री अकराला डोळे चोळत बसलेल्याला ती सापडत नाही.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. यात विसाव्याला बाकं असतात; बॉसच्या हातून मेल्यावर, शेवटी बसलात त्या बाकापाशी उठायचं आणि तिथून पुन्हा बॉसपर्यंत उड्या मारत जायचं. ‘लास्ट जज’ नावाच्या बॉससाठी ही वाट इतकी कटकटीची आहे, की मी लढाईत कमी आणि वाटेत जास्त वेळ घालवला. वर तो जज हरला की मरता मरता स्फोट करतो आणि जवळ उभं राहून आनंद साजरा करणाऱ्यालाही घेऊन जातो. पहिल्यांदा मी ओरडलेच, रडीचा डाव! आणखी एका ठिकाणी दमूनभागून बाकावर बसावं तर बाकातच सापळा. त्यावर मात्र मी मनापासून हसले, कारण तिथे गेम चेष्टा करत होता आणि चेष्टा एकदाच केली. आल्यानंतर थोड्याच दिवसांत बनवणाऱ्यांनी सुरुवातीचे दोन बॉस जरा सौम्य केले, मधल्या भागातल्या काही बाकांचे दर उतरवले. (होय, काही बाकांवर बसायलाही मणी, म्हणजे तिथलं चलन, मोजावे लागतात. तीर्थक्षेत्राचं अर्थशास्त्र त्यांना बरोबर कळलंय.)

सिल्कसाँग रडीचा डाव नाही, हे मी पुन्हा सांगते. का मेलात ते प्रत्येक वेळी कळतं. पण त्याला तुमच्या वेळेची पर्वा नाही, आणि तुमच्याकडे नेमका वेळच कमी आहे.

आता याच्या अगदी उलट टोकाला, आणि माझ्या मते तुमच्यासाठी पहिला गेम: बलाट्रो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला, लोकलथंक असं टोपणनाव घेतलेल्या कॅनडातल्या एकाच माणसाने रचलेला पत्त्यांचा डाव. हातात आठ पानं, त्यांतली जास्तीत जास्त पाच टाकायची आणि पोकरच्या नियमांप्रमाणे गुण मिळवायचे. तीन पत्ती खेळला असाल तर जोडी, सिक्वेन्स, कलर तुम्हाला माहीतच आहेत. जोडी, कलर अशा प्रत्येक प्रकाराला ठरावीक गुण आणि एक गुणक असतो; पानांचे गुण त्यात मिळवायचे आणि गुणकाने गुणायचं. पहिलं लक्ष्य तीनशे गुणांचं. दोन राजे टाकले तर जोडीचे दहा अधिक राजांचे दहा-दहा, झाले तीस, गुणिले दोन: साठ. तेच एका रंगाची पाच पानं, समजा बदामचा एक्का, राजा, गुलाम, अठ्ठी आणि पंजी, तर पानांचे चव्वेचाळीस, कलरचे पस्तीस, मिळून एकोणऐंशी, गुणिले चार: तीनशे सोळा. एका हातात फेरी खल्लास. शेवटच्या, आठव्या टप्प्यात हेच लक्ष्य पन्नास हजारांपासून पुढे सुरू होतं, आणि तिथवर पोचायला साध्या पानांनी भागत नाही. दीडशे प्रकारचे जोकर आहेत, त्यातले एका वेळी पाच बाळगता येतात, आणि प्रत्येक जोकर हिशेबात आपापली खोडी करतो. कोणी गुणाकार वाढवतो, कोणी दुर्रीला एक्क्याच्या पंगतीला बसवतो.

यात माझ्या धंद्याच्या नजरेला भावलं ते बॉसचं वागणं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक बॉस-फेरी असते आणि तिची अट टप्पा सुरू होतानाच समोर लिहिलेली असते: बदामची सगळी पानं निकामी, किंवा एकच हात टाकता येईल, किंवा पाच पानं टाकलीच पाहिजेत. मी एकदा अख्खा डाव बदामच्या कलरवर उभा केला. जोकर तसे, पानं तशी. सहाव्या टप्प्यावर बदाम निकामी करणारा बॉस पाटीवर स्वच्छ लिहिलेला होता आणि मी तो दोन फेऱ्या बघून न बघितल्यासारखा केला. हरले. रागवायचं कोणावर? आणि हरल्यावर एक बटण दाबलं की नवीन डाव, मध्ये रडगाणं नाही, जाहिरात नाही, ‘तुमचा मित्र तुमच्या पुढे गेला’ नाही. पान टाकण्याआधी एकूण गुण किती होतील तेही तो सांगत नाही, बेरीज तुमची तुम्ही करायची. पहिल्या दिवशी मला ही उणीव वाटली होती. आठवड्याने लक्षात आलं, की आकडा आधी दिसला असता तर मी पानांकडे बघितलंच नसतं.

माझ्या सासूबाई पट्टीच्या मेंढीकोट खेळणाऱ्या. एका संध्याकाळी मागे उभ्या राहून बघत होत्या; मी किलवरची दश्शी काढून टाकली तशा कळवळून म्हणाल्या, “अगं, दश्शी काय घालवतेस!” त्यांना सांगितलं, की इथे दश्शीचे फक्त दहाच गुण. त्यांचा विश्वास बसला नाही. दोन दिवसांनी त्या स्वतः खेळत होत्या आणि इंग्रजी जोकरांवर काय लिहिलंय ते नातवाकडून वाचून घेत होत्या.

हा जुगार आहे का, असं घरचे विचारतील. नाही. एकदा विकत घेतला की पुन्हा पैसा लागत नाही, लावताही येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर. याचा त्याच्याशी संबंध नाही. युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेनेही आधी याला अठरा वर्षांवरच्यांचा शिक्का मारला होता, तो नंतर बारावर आणला.

कच्चा लिंबू होण्यात कमीपणा नाही, हे मला पटवलं हेडीसने. सुपरजायंट गेम्सचा, २०२० मध्ये पूर्ण होऊन आलेला. दुसरा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाला म्हणून मी पहिला पुन्हा काढला. पाताळाच्या राजाचा मुलगा घरातून पळून जायला बघतो, वाटेत मरतो, आणि मेल्यावर रक्ताच्या डोहातून बाहेर येत पुन्हा बापाच्याच दिवाणखान्यात हजर. तिथे झोपेचा देव आजचं मरण कशाने आलं त्याची यादी वाचून दाखवतो, बाप टोमणा मारतो, स्वयंपाकघराजवळ कोणीतरी कालची अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सांगतं. म्हणजे कथा पुढे सरकते ती मेल्यावरच. सेटिंगमध्ये ‘गॉड मोड’ नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की तुम्हाला होणारी इजा वीस टक्क्यांनी कमी होते, आणि पुढे प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्क्यांनी, थेट ऐंशीपर्यंत. हिशेब केलात तर तीस वेळा मेल्यावर ऐंशी. हे किती शहाणपणाचं आहे बघा: गेम आधीच सोपा करून दिलेला नाही, तुम्ही जितकं झगडता तितकाच तो एकेक पाऊल मागे सरतो. कथा कापली जात नाही, बक्षीस कमी होत नाही, तुम्हाला कोणी हसत नाही. साध्या लॅपटॉपवर चालतो. दुसरा भाग जास्त भरगच्च आहे, मला पहिला जास्त आवडतो.

तसंच सेलेस्ट, २०१८ चा. डोंगर चढणाऱ्या मुलीचा गेम, उड्यांचा. हजारो वेळा मराल, पण मेल्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्याच खोलीच्या दाराशी उभे असता, वाट वगैरे काही नाही. शिवाय तो गुपचूप तुमच्या बाजूने लबाडी करतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही साधारण एक दशांश सेकंदापर्यंत दाबलेली उडी तो मान्य करतो. आमच्या धंद्यात याला कायोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधल्या त्या हवेत पळत राहणाऱ्या कोल्ह्यावरून. तुम्हाला वाटतं, काय वेळेवर उडी मारली मी! खरं म्हणजे पंचाने डोळेझाक केलेली असते. तरीही कठीण गेलं तर गेमचा वेगच पन्नास टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. मी सातव्या प्रकरणात तो सत्तरवर आणला होता. मुद्दाम सांगते आहे, कारण या धंद्यातले लोक असलं काही कबूल करत नाहीत.

क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३ तुमच्या लॅपटॉपवर चालणार नाही, पण २०२५ बद्दल बोलताना तो टाळता येत नाही. फ्रान्सच्या माँपेलिएमधल्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा. एप्रिलमध्ये आला आणि डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. दूर समुद्रापलीकडे एक चित्रकर्ती दर वर्षी एका स्तंभावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं धुळीसारखी विरून जातात. पहिला अर्धा तास बघून मी गप्प बसले होते. लढाई आळीपाळीची, पण शत्रूच्या पाळीतही तुम्ही वेळ साधून फटका चुकवू किंवा परतवू शकता. म्हणजे सैद्धांतिकदृष्ट्या एकही ओरखडा न येता अख्खा गेम काढता येतो, आणि प्रत्येक मार हा तुमचाच हिशेब चुकल्याचा असतो.

एक धंदेवाईक सूचना, जी मला कोणी दिली असती तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या: असले गेम ब्लूटूथ हेडफोनवर खेळू नका. फटका परतवण्याची वेळ बरीचशी आवाजावरून कळते, आणि ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद सहज मागे राहतो. मी स्वतःला नालायक ठरवून झाल्यावर वायरवाला हेडफोन लावला आणि तोच शत्रू तिसऱ्या प्रयत्नात पडला. टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीचा ‘गेम मोड’ही चालू करा, कारणं तीच. बाकी या गेमच्या शेवटच्या तिसऱ्या भागात तोल गेला आहे. इकडे तिकडे जरा हिंडून ताकद वाढवली, तर मुख्य शत्रूला पाळीच मिळत नाही. इतक्या सुंदर बांधलेल्या लढाया एका फटक्यात संपलेल्या पाहून वाईट वाटतं.

एल्डन रिंगबद्दल एवढंच: दारातच सोनेरी घोडेस्वार उभा करून तो तुम्हाला सांगतो, की इथे मरू नकोस, दुसरीकडे जा. बहुतेक जण हे न ऐकता चाळीस वेळा त्यालाच भिडतात आणि गेमला नावं ठेवतात. तुम्ही सोडून दिलेल्यांत हा असेल, अशी माझी शंका आहे.

हात चालवायचाच नसेल तर रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. लुकास पोपचा, २०१८ चा. मी यंदाच खेळले आणि लाज वाटली इतका उशीर केल्याची. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज बेपत्ता होतं आणि १८०७ मध्ये फॅलमथच्या बंदराशी आपोआप येऊन लागतं, जिवंत माणूस एकही नाही. तुम्ही कंपनीचे विमा-निरीक्षक. प्रेताजवळ घड्याळ उघडलं की त्याच्या मृत्यूचा क्षण गोठलेला दिसतो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत. साठ जणांची नावं आणि नशीब तुम्ही वहीत भरायचं. खलाशांत काही हिंदुस्तानीही आहेत. कोण कुठला ते बोलीवरून, कपड्यांवरून, कोण कोणाजवळ बसतो त्यावरून ताडायचं. आमच्याकडे दोन आठवडे रात्री जेवण झाल्यावर नवरा आणि मी खरीखुरी वही घेऊन बसायचो, आणि ‘झोपायच्या झोळीवर नंबर असतो’ हे त्याच्या आधी मला दिसलं, याची नोंद इथे व्हावी.

इथे चुकलात तर काहीच होत नाही. गेम चूक दाखवत नाही, बरोबरही लगेच दाखवत नाही. तिघांचं संपूर्ण बरोबर भरलं की मगच ती तीन नावं छापील अक्षरांत पक्की होतात. ‘तीन’ हा आकडा फार विचाराने निवडलेला आहे. एकेक पक्कं होत असतं तर आपण अंदाजपंचे नावं बदलत बसलो असतो. दहा-दहाने होत असतं तर वैतागून उठलो असतो. अर्थात दोन पक्के ठेवून तिसऱ्यावर ठोकून बघता येतं, आणि शेवटच्या दहा-बारा जणांना मी तसंच केलं. त्याबद्दल मला खंत नाही.

अर्धवट टाकलेला म्हणाल तर ब्लू प्रिन्स, एप्रिल २०२५ चा. पंचेचाळीस खोल्यांच्या वाड्यात शेहेचाळिसावी खोली शोधायची. प्रत्येक दार उघडताना तीनपैकी एक खोली तुम्ही निवडता आणि वाडा रोज नव्याने रचला जातो. दिवसाला पन्नास पावलं. कल्पना अशी की मत्सर वाटावा. पण इथे मला हरण्याचं कारण कळूनही उपयोग होईना: उत्तर माहीत आहे, हवी ती खोली मात्र आज निघालीच नाही, गेला पाऊण तास. चिठ्ठी न निघाल्याने हरणं आणि चुकल्याने हरणं यांत फरक आहे. शिवाय कोडी इंग्रजी शब्दांच्या कसरतीवर बेतलेली. गेमचं नावच ‘ब्लूप्रिंट्स’वरचा श्लेष. शेहेचाळिसावी खोली मी गाठली, त्यापुढे म्हणे खरा गेम सुरू होतो. तो ज्यांना हवा त्यांना लखलाभ.

आपल्या बाजूचं काही हवं असेल तर दोन नावं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी (२०२०): हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडणारी कथा. भिंतींवरची चित्रं आणि वाड्यांची रचना थांबून बघण्यासारखी. लढाई मात्र मला ढिली वाटली, फटका लागल्याची जाणीव हाताला होत नाही. पाच-सहा तासांत संपतो. दुसरा व्हेंबा (२०२३), टोरोंटोत बनलेला. १९८८ मध्ये कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची डागाळलेली, अर्धवट पुसलेली पाककृतींची वही, आणि इडली बिघडली तर हसून पुन्हा पीठ ओतायचं, बस्स. एका बैठकीत होतो. परदेशी राहिलेला भाऊ-बहीण असेल तर शेवटी डोळे ओले होतात, नसेल तरी होतात.

तुमच्यासाठी क्रम: बलाट्रो, मग ओब्रा डिन, मग हेडीस, पहिल्या दिवसापासून गॉड मोड लावून. तिन्ही तुमच्या लॅपटॉपवर चालतील. हेडीससाठी मात्र कंट्रोलर घ्या, साधा वायरवाला चालेल. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास जपून खेळण्यात घालवू नका, त्यात धडाधड मरून बघा. आणि ते सोडून दिलेले चार-पाच गेम कोणते, कुठल्या ठिकाणी सोडले, तेही कळवा. त्यांतल्या एखाद्या बॉसपाशी मीही सोडलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.